शाळेचा खर्च गावावर ढकलू नका

मा. मुख्यमंत्री, मा. वित्तमंत्री आणि मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना



घाटमाथ्यावरच्या एका वाडीत आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. माझी दोन्ही मुलं तिथेच शिकतात आणि शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक-सदस्य आहे. शाळेवरचा खर्च तुम्ही एकेक शासन निर्णय काढून कसा आखडत आणलात आणि त्याचं ओझं इथे कुणाच्या डोक्यावर आलं, ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र.

शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणाऱ्या, 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयात तुम्ही अशी तरतूद केलीत की सहावी ते आठवीच्या गटाचा पट वीसच्या खाली गेला, तर त्या गटाला एकही शिक्षक मंजूर होणार नाही. वर्ग आहे, मुलं आहेत, पुस्तकं आली आहेत आणि शिक्षक शून्य. आमच्याकडे सहावी-सातवी मिळून वीस भरत नाहीत, भरणारही नाहीत. वाडीच तेवढी आहे. त्या निकषात आमचे गणित-विज्ञानाचे गुरुजी अतिरिक्त ठरले आणि समायोजनात दुसऱ्या तालुक्यात गेले. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिकला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या प्रत्येकासाठी किमान एक शिक्षक सांगितला आहे. पट कमी असेल तर सूट, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. राज्याचा निर्णय केंद्राच्या कायद्यापेक्षा मोठा कसा झाला, याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं.

आता सात वर्गांना दोन शिक्षक. त्यातले सर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आहेत. मतदारयादीचं काम, केंद्रशाळेची बैठक किंवा प्रशिक्षण निघालं, की शाळा एकट्या बाईंवर. अशा दिवशी मी शाळेत गेले आहे. सातवीच्या दोन मुली पहिलीच्या पोरांकडून बाराखडी गिरवून घेत असतात. तिसरी-चौथीला फळ्यावरची गणितं उतरवायला दिलेली असतात. बाई मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असतात, कारण रेंज फक्त तिथे येते आणि पोषण आहाराची त्या दिवसाची उपस्थिती ऑनलाइन भरल्याशिवाय सुटका नाही. ज्या दोन मुली शिकवत असतात, त्यांचा स्वतःचा अभ्यास त्या दिवशी होत नाही. पुढे त्यांना गणित येत नाही म्हणून अहवाल निघतात, तेव्हा हा दिवस कुणी मोजत नाही.

मग पालक काय करतात? ज्याची ऐपत आहे तो तालुक्याच्या गावी खोली घेतो आणि मूल इंग्रजी शाळेत घालतो. पट आणखी घटतो. पट घटला म्हणून शिक्षक काढायचा आणि शिक्षक नाही म्हणून पट घटला की शाळाच नको म्हणायचं, हे चक्र तुमच्या निकषांनी सुरू केलं आहे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी तिथे बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली होती. चांगला शिक्षक मिळाला, गाव पाठीशी उभं राहिलं, पट शंभराच्या वर गेला आणि 2025 मध्ये शाळेला जागतिक पुरस्कार मिळाला. पट पाहून ती आधीच बंद केली असती तर?

5 सप्टेंबर 2024 ला, शिक्षक दिनीच, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला, मानधन महिना 15 हजार. शिक्षक रस्त्यावर उतरले म्हणून तो बदलावा लागला. पण तो निघाला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. लहान शाळेच्या मुलाला अर्धा शिक्षक चालेल, असं कुणाला तरी वाटलं होतं.

आता ताटाबद्दल. आठवड्यातून एक अंडं किंवा केळं सुरू झालं, तेव्हा त्या दिवशीची हजेरी आम्ही डोळ्यांनी वाढलेली पाहिली. जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्याचा निधी बंद केला. अंडा पुलाव, खीर द्यायची असेल तर लोकसहभागातून द्या, खिरीची साखरही लोकसहभागातूनच, असं कळवलं. आमच्याकडे लोकसहभाग म्हणजे कोण? भातलावणीच्या मजुरीवर जगणारी तीच आईबापं, ज्यांच्या पोरांसाठी हा आहार सुरू झाला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना महिन्याला अडीच हजार मिळतात. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या कोंबड्यांची अंडी दोनदा आणून दिली. त्यांना ती द्यावी लागावीत, याची मला फार लाज वाटली.

समग्र शिक्षाच्या निकषाप्रमाणे तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10 हजार आणि शंभरपर्यंत 25 हजार अनुदान आहे. त्यात खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळं भागवायचं. हे पैसे जूनमध्ये हाती यायला हवेत, कारण कौलं पावसाआधी शाकारावी लागतात. आमच्याकडे ते मार्चच्या तोंडावर येतात. तोवर बाई पदरचे घालतात.

तिजोरीवर ताण आहे हे आम्हाला कळतं. लाडक्या बहिणींच्या खात्यात येणारे दीड हजार आमच्या वाडीतही येतात आणि त्यांचा आधार आहे. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण ताण आला की पहिली कात्री जिथे मतदार नाहीत तिथे लागते, हे बरोबर नाही. सहा-सात वर्षांची मुलं मोर्चा काढू शकत नाहीत. शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा कोल्हापूरची तिजोरी आजच्या महाराष्ट्राएवढी भरलेली नव्हती.

लहान शाळा बंद करून मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, म्हणजे समूह शाळा करायची, असा विषय निघाला की पानशेत आणि तोरणमाळचा दाखला दिला जातो. तिथे जे झालं ते इथे होईलच असं नाही. जुलैत आमच्या ओढ्याला पाणी आलं की पलीकडे माणूस जात नाही, एसटी फाट्यापर्यंतच येते. शाळा पाच किलोमीटर दूर गेली, तर मुलगे कसेबसे जातील. सहावी-सातवीच्या मुली घरी बसतील आणि दोन-तीन वर्षांत त्यांची लग्नं होतील. हे मी अंदाजाने लिहीत नाही, आमच्या वयाच्या बायकांचं असंच झालं.

म्हणून येत्या अर्थसंकल्पाआधी विनंती आहे. शून्य शिक्षकाची तरतूद रद्द करा. डोंगरी आणि आदिवासी भागात पटाऐवजी अंतर पाहून शिक्षक द्या. अंड्याचे पैसे परत सुरू करा आणि शाळेचं अनुदान जूनमध्ये, पूर्ण द्या. यातलं काही जमणार नसेल, तर तसं लेखी कळवा. आम्ही ते ग्रामसभेत वाचून दाखवू.

आपली,
जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची एक पालक-सदस्य