भूगर्भ रिता, शेततळी तुडुंब: ग्रामस्थांस अनावृत निवेदन



गेल्या वैशाखात आपल्याच तालुक्यातील एका वाडीवर जे घडले ते आपणांपैकी बहुतेकांच्या कानी आलेच असेल. सार्वजनिक विहिरीने तळ गाठलेला आणि ठरल्या दिवशी यायचा टँकर आलेला नाही, अशा वेळी वाडीतील चार स्त्रिया हंडे घेऊन जवळच्या शेततळ्यावर गेल्या; राखणदाराने त्यांना शिवीगाळ करून हाकलले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी चोरीच्या फिर्यादीची धमकी पोहोचली. टँकरची बेपर्वाई आणि सरकारदरबारी पडून राहिलेले अर्ज यांविषयी आपणांस नव्याने काही सांगावयास नको. मला बोलायचे आहे ते त्या शेततळ्याविषयी, कारण त्यातले पाणी आभाळातून पडलेले नव्हते. ते त्याच वाडीच्या विहिरीला मिळणाऱ्या झऱ्यांतून, विंधनविहिरीवाटे, पंपाने ओढलेले होते.

पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवावे आणि पावसाने ओढ दिल्यास त्यातून पिकास एखाद-दुसरी पाळी द्यावी, या हेतूने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाली. तो हेतू निर्मळ होता आणि त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु आज खड्ड्याला प्लॅस्टिकचे अस्तर घालून, भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत बोअर चालवून, जमिनीखालचे पाणी जमिनीवर आणून उन्हात ठेवण्याची जी वहिवाट पडली आहे, तिला जलसंधारण म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही बेताचेच. एका पेवातून साऱ्या आळीने धान्य काढावे तशी ही साठवण सामायिक आहे, आणि जो पहिल्यांदा व जोराने उपसतो तो शेजाऱ्याच्या वाट्याचे नेतो.

आता थोडा हिशेब करू. ३० मीटर लांब, तितकेच रुंद आणि ३ मीटर खोल अशा तळ्यात, बाजूंचा उतार वजा जाता, सुमारे २१ लाख लिटर पाणी मावते; म्हणजे १० हजार लिटरचे २१० टँकर. त्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून, ऐन उन्हाळ्यात दिवसाला अवघे ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तरी, रोज ७,२०० लिटर वाफ होते. टंचाईत टँकरने माणशी २० लिटर पाणी द्यावे असा शासकीय निकष आहे. त्या निकषाने ३६० माणसांचे पिण्याचे पाणी एक तळे रोज सूर्याला देते, आणि चार हंडे मागणाऱ्या स्त्रियांना मात्र चोर ठरवले जाते!

ज्या पुरुषाने या वृत्तीविरुद्ध आपले उभे आयुष्य वेचले त्याचे नाव या तालुक्यात पदोपदी घेतले जाते. कै. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंता आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली, नायगावच्या देवस्थानाची ४० एकर उजाड जमीन ५० वर्षांच्या पट्ट्याने घेतली, आणि ताली, बांध व पाझर तलाव यांच्या बळावर ती पिकती केली. तथापि त्यांचे खरे कार्य मातीचे नसून नियमांचे होते. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाणी मिळे ते जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातील माणसांवर: माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नसे. उसाला मज्जाव होता. मोठ्या खातेदाराला लहान खातेदाराइतकेच पाणी घ्यावयास राजी करणे हे काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पना ज्याने एकदा तरी गावची बैठक चालवली आहे त्याला सहज येईल. २००२ साली ते निवर्तले तोवर, तीन दशके, हेच काम ते करीत राहिले. त्यांच्या तसबिरीला हार घालून त्याच संध्याकाळी बोअरची मोटार सुरू करणाऱ्यांनी निदान तो हार तरी घालू नये.

“बोअर मी स्वखर्चाने घेतला, जमीन माझ्या सातबाऱ्यावर आहे,” असे उत्तर मिळते. जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मानले. ते विहिरीवर मोट चालत होती तेव्हाचे. पुढे १९९३ साली याच राज्याने सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास बंदी केली, आणि २००९ च्या अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरांहून खोल जाण्यावर निर्बंध घातले. खर्च स्वतःचा होता म्हणून कायदा मोडण्याची मुभा कोणाला मिळते?

वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून पाणी साठवावे लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यासाठी एक-दोन दिवसांच्या पाण्याची टाकी पुरते, २१ लाख लिटर लागत नाहीत. राहिला तो सर्वांत संतापजनक आक्षेप, की असे बोलणारे शेतकऱ्यांचे वैरी आहेत. शेजारच्या बोअरमुळे ज्याची विहीर पौषातच आटली, आणि ज्याने कर्ज काढून तिच्याहून खोल भोक पाडले व धुरळा तेवढा पाहिला, तो कोरडवाहू खातेदार शेतकरी नव्हे काय? डाळिंबाची बाग जगावी असे मलाही वाटते. परंतु पावसाच्या पाण्यावर जेवढी जगेल तेवढीच लावावी.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आपण असा ठराव मागावा, की शेततळी केवळ वाहत्या पावसाच्या पाण्याने भरावीत, सार्वजनिक विहिरीच्या ५०० मीटरांतील प्रत्येक बोअरची मोजणी व नोंद व्हावी, आणि टंचाईत भरलेल्या तळ्यातील पाणी प्रथम वाडीला पिण्यासाठी द्यावे. भाद्रपदात मोटारी सुरू होतात, त्यामुळे त्यानंतर केलेला ठराव या वर्षी निरुपयोगी ठरेल. ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिला सभेत हाच विषय स्त्रियांनी आधी मांडावा, आणि दोन्ही सभांस प्रत्येक घराने हजर राहून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, ही आग्रहाची विनंती.