लाल शाई आणि पॉइंट गार्ड

मंडळी, आजी बास्केटबॉलवर लिहिते आहे म्हणून हसू नका. 2024 च्या हिवाळ्यात लेकीकडे आयोवात राहिले होते. बाहेर बर्फ, घरात टीव्ही, आणि टीव्हीवर आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क. नातवामुळे मलाही तो नाद लागला.

क्लार्क पॉइंट गार्ड. म्हणजे चेंडू पुढे न्यायचा, कोणाला कधी द्यायचा ते ठरवायचं आणि जमेल तेव्हा स्वतः टाकायचा. चार वर्षांत तिने 3951 गुण केले. त्याचा गवगवा पुष्कळ झाला. पण जावईबापूंचा आक्षेप एकच, "चेंडू फार गमावते हो!" खरंच आहे ते. त्या हंगामात ती सामन्याला सरासरी साडेचारहून जास्त वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देऊन बसत होती.

मी मास्तरीण. चुका मोजण्यात आयुष्य गेलं. तरी मला तो आक्षेप पटला नाही. त्याच हंगामात तिच्या पासवर सामन्याला सरासरी जवळजवळ नऊ बास्केट होत होते. फेब्रुवारीत पेन स्टेटविरुद्ध हॅना स्टुल्की हिने 47 गुण केले, त्या सामन्यात क्लार्कचे असिस्ट होते 15. असे पास द्यायचे तर काही हुकणारच. बिनधोक पास देणारीच्या चुका कमी होतात, पण तिच्यामुळे मैत्रिणीला बास्केटही फारसे मिळत नाहीत.

माझ्या मते खरं श्रेय प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांचं. त्यांचा खेळ मुळातच वेगाचा, आणि क्लार्कचा स्वभावही तोच. तिला लगाम घालून त्यांना चुका कमी करता आल्या असत्या, पण मग ती क्लार्क उरली नसती. ही पद्धत अगदी निर्दोष होती असंही नाही. 2023 ला लुइझियाना स्टेटकडून आणि 2024 ला साउथ कॅरोलायनाकडून, दोन्ही अंतिम सामने हरले. शेवटच्या सामन्यात क्लार्कने पहिल्या पावभागातच 18 गुण केले, तरी विजेतेपद नाहीच. पण आयोवासारख्या संघाला लागोपाठ दोनदा तिथवर नेलं ते याच जोडीने.

हे सगळं पाहताना मला माझा एक विद्यार्थी आठवत होता. आठवीत होता. निबंध असा लिहायचा की वाचतच राहावं, पण ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एकदा मी त्याचं अख्खं पान लाल केलं आणि वर्गाला दाखवलं. पुढच्या वेळी त्याने गाईडातला निबंध उतरवून दिला. चूक एकही नव्हती. मी दहापैकी आठ दिले, वर शाबासकीही दिली!

ब्लूडर 2024 च्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. मी तर केव्हाच झाले. फरक एवढाच, की त्यांनी आपली क्लार्क ओळखली.

असो. तुमच्यापैकी कोणी अजून वह्या तपासत असाल, तर लाल पेन जरा जपून चालवा.