मंडळावरील शिक्षिका

संस्थेच्या विश्वस्त मंडळासाठी नाव सुचवायचे म्हटले, की व्यापारी समाजात प्रथम ऐपत पाहिली जाते. त्यात गैर काही नाही. वास्तू देणग्यांवरच उभ्या राहतात. परंतु संस्था तरुण मुलींची असेल आणि मंडळावर अध्यापनाचा अनुभव असलेली एकही व्यक्ती नसेल, तर त्या मंडळाला आपल्या संस्थेचा अर्धाच भाग दिसतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९१४ पर्यंत तेथे राहिले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. दिवसा महाविद्यालय आणि नंतर चिखल तुडवीत हिंगण्याची वाट, असा प्राध्यापकांचा क्रम झाला. आपली ५००० रुपयांची विमा पॉलिसीही त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. घरी ही गोष्ट रुचली नाही. मुलाबाळांचा आधार असा परस्पर गेला, याचे बाया कर्वे यांना वाईट वाटले. आणि ओढगस्तीचा संसार करणाऱ्या त्या माउलीचा राग अवास्तव होता असे कोण म्हणेल?

१९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण, ही त्याची दिशा आरंभीच ठरली होती. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाख रुपयांचे दान जाहीर केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले. शिक्षकाची दिशा आणि व्यापाऱ्याचे धन यांची अशी गाठ क्वचितच पडते.

कर्वे संस्थापक होते. सवडीने सेवा देणाऱ्या आजच्या शिक्षिकेकडून एवढ्या त्यागाची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. तिच्याकडून हवी ती निराळी वस्तू. ताळेबंदात मुली दिसत नाहीत. गेल्या वर्षी किती जणी शिक्षण अर्धवट टाकून गेल्या, का गेल्या, रात्री एखादीला त्रास झाला तर तिने कोणाचे दार ठोठवावे, असे प्रश्न शिक्षिकेला सहज सुचतात, कारण रिकाम्या बाकाकडे पाहण्याची तिच्या डोळ्यांना सवय असते.

मात्र पैशाचा विषय निघाला की हीच शिक्षिका बहुधा गप्प बसते. हा संकोच परवडणारा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा शेटजी आणि शिक्षिका असा भेद करीत नाही. वार्षिक हिशेबांची तपासणी, स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी, विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत द्यावयाचा फेरफार अहवाल, या गोष्टी तिलाही ठाऊक हव्यात. न वाचलेल्या कागदावर तिने सही करू नये. आणि तिने खुलासा मागितला, तर कोणी तो अविश्वास समजू नये. पेढीवर रोजमेळ जुळल्याशिवाय कोण उठतो?

मंडळानेही थोडी तजवीज करावी. कार्यक्रमपत्रिकेत इमारत निधीच्या आधी मुलींचा विषय घ्यावा, म्हणजे तो चहा येईपर्यंत उरकला जाणार नाही. सभेची वेळ तिला विचारून ठरवावी. ऐन परीक्षेच्या दिवसांत दुपारी दोनची सभा ठेवली, तर तिची खुर्ची रिकामीच राहील.