वीज पडली म्हणे!

फोन का बंद? वीज पडली म्हणे. इंटरनेट चार दिवस का नाही? वीज पडली म्हणे. बँकेत पासबुक का भरत नाही, रेशनच्या दुकानात अंगठा का लागत नाही, पंचायतीत दाखला का मिळत नाही... सगळ्याला उत्तर एकच. ढगातून उतरलेल्या एका विजेने एवढ्या माणसांना एवढ्या कामांतून मोकळे केल्याचे दुसरे उदाहरण जगात नसेल! माझा राग विजेवर नाही. तो त्या 'म्हणे'वर आहे.

गोव्यात वीज न सांगता येत नाही. ती तारीख देऊन येते. एप्रिल अर्धा सरला की दुपारचा उष्मा आणि समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या उताराला लागून वर चढते, तीन-चारच्या सुमारास घाटमाथ्यावर काळे ढग उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत सत्तरी, धारबांदोडा, सांगे असे करत ते खाली उतरतात. रोहिणीत गडगडते, मृग लागताना गडगडते, मग आषाढ-श्रावणात पाऊस धो धो कोसळतो पण विजा फारशा नसतात, आणि परतीच्या पावसात, हस्त नक्षत्रात, पुन्हा कानठळ्या बसतात. हे सांगायला वेधशाळा लागत नाही. घरात भिंतीला पंचांगाचे कॅलेंडर असले तरी पुरते. आमच्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हते, पण पश्चिमेचा वारा पडला आणि पूर्वेला अंधारून आले की ती अंगणात कोयता टाकायची आणि आम्हा पोरांना खांबाला टेकून बसू द्यायची नाही. शेजारच्या ख्रिस्ती घरात सांता बार्बाराचे नाव घेत झावळ्यांच्या रविवारची आशीर्वाद दिलेली झावळी जाळायचे. कोयत्याने किंवा झावळीने वीज टळत होती असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की त्या बायकांनी आपल्या परीने तयारी तरी केलेली असायची. वर्षातून दोनदा ठरलेल्या वेळी येणाऱ्या पाहुण्यासाठी ज्यांनी काहीच तयारी केलेली नाही, त्यांना 'अचानक' हा शब्द वापरायचा अधिकार कोणी दिला?

मी कलाशाखेचा माणूस. विजेचे गणित मला येत नाही, पण मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले वाचता येते. जे वाचले, ते असे. एका साध्या विजेत तीसेक हजार अँपियरचा प्रवाह असतो. तो थेट टॉवरवर पडला तर काही जळणारच, पण बहुतेक वेळा ती थेट पडतच नाही. अर्धा-एक किलोमीटरवर पडते, आणि तिच्या नुसत्या धक्क्याने आसपासच्या लांब तारांत क्षणभर मोठा दाब उसळतो. तार विजेची असो, टेलिफोनची असो की ऑफिसातल्या दोन संगणकांना जोडणारी निळी केबल असो. हा दाब यंत्रात शिरण्याआधी जमिनीत उतरवून द्यायचा, एवढाच खरा उपाय. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असतो आणि त्याच्यामागे अर्थिंग असते. अर्थिंग म्हणजे काय, तर जमिनीतला एक खड्डा, त्यात धातूची पट्टी किंवा नळी, भोवती मीठ आणि कोळसा, आणि ओलावा. ओलावा महत्त्वाचा. आता आपली जमीन पाहा. जांभा! मे महिन्यात जांभा दगड तापून असा खडखडीत होतो की त्यातून वीज जमिनीत उतरणे अवघड होऊन बसते. म्हणजे ज्या महिन्यात वीज सर्वांत जास्त, नेमक्या त्याच महिन्यात आपले अर्थिंग सर्वांत कमजोर. इलाज? त्या खड्ड्यात पाणी घालणे. रोज नको, पण नेमाने. आणि पावसाळ्याआधी एकदा मीटर लावून प्रतिरोध मोजून वहीत लिहिणे. तुळशीला पाणी घालण्याइतके सोपे काम आहे हे. आमच्या गावातल्या टॉवरच्या पायथ्याशी तो खड्डा आहे. त्यावर सिमेंटचे झाकण आहे आणि झाकणावर गवत आहे. तेवढे गवत एका वर्षात उगवत नाही.

कोणी म्हणेल, आता सगळे ऑप्टिकल फायबर आहे, काच आहे, काचेतून वीज वाहत नाही. बरोबर आहे. पण त्या काचेला टांगणारी पोलादी तार असते, घरातल्या पांढऱ्या डब्याला विजेचा ॲडाप्टर असतो, आणि डब्यातून संगणकाकडे जाणारी तांब्याची केबल असते. काच शाबूत राहते, डबा मरतो! शिवाय ही काच आपण कुठून नेतो? विजेच्या खांबावरून माडाच्या झावळीखालून, तिथून फणसाच्या फांदीतून, तिथून कोणाच्या तरी गच्चीच्या कठड्याला बांधून. कुळागरातून जाणारी केबल पाहिली तर ती इंटरनेटची की कपडे वाळत घालायची, असा प्रश्न पडावा. पहिल्या वावटळीत फांदी पडते, केबल तुटते, आणि कंपनीचा मुलगा सांगतो, वीज पडली!

जुन्या काळ्या फोनची आठवण येते ती गतकाळाच्या प्रेमापोटी नव्हे. वीज चमकली की त्याची घंटा आपसूक 'टिंग' करायची, घरातली म्हातारी माणसे दचकायची. पण गावातली लायट रात्रभर गेली तरी तो फोन चालायचा, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज तांब्याच्या त्याच तारेतून एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांकडून यायची. डॉक्टरला फोन लागायचा. आता घरातली लायट गेली की डबा बंद, डबा बंद की लँडलाईन बंद. मोबाईल उरतो, तर टॉवरवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या, आणि डिझेल संपले की तोही गप्प. एक फोन लागण्यासाठी पूर्वी एक तार शाबूत असावी लागे, आता पाच गोष्टी एकाच वेळी शाबूत असाव्या लागतात. हे सुधारणेच्या विरुद्ध बोलणे नाही. जुन्याने जे फुकट दिले होते ते नव्याने पैसे घेऊन तरी द्यावे, एवढीच मागणी आहे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे एक ॲप केले आहे. आसपास वीज पडण्याचा संभव असला की ते इशारा देते. उत्तम काम आहे, प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनात असावे. देशात २०२२ या एका वर्षात विजेने २,८८७ माणसे मेली, असे सरकारी नोंद सांगते. पुरात मेली त्यापेक्षा जास्त. म्हणजे हा इशारा जीवनमरणाचा आहे. आणि तो येणार कुठून? त्याच टॉवरवरून, ज्याच्या खड्ड्यावर गवत उगवले आहे.

आता कायद्याचे पाहू, कारण सरकारी कारकुनाला तेवढेच पाहता येते. दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, २०२४ साली सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. त्यात चांगली कलमे आहेत. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला बिलात सूट किंवा मुदतवाढ द्यायची. लँडलाईनची दुरुस्ती तीन दिवसांत झाली नाही तर भाड्यात भरपाई द्यायची. वाचून बरे वाटले. मग पुढे वाचले. खंडित सेवेच्या भरपाईतून नैसर्गिक आपत्ती वगळली आहे. चक्रीवादळात वगळावी, मान्य. पण ग्राहकसेवेच्या फोनवर बोलणाऱ्या मुलांना कोणी शिकवले कोण जाणे, मेमधल्या प्रत्येक गडगडाटाला ती 'नैसर्गिक आपत्ती' म्हणू लागली आहेत! आणि नेत्रावळीचा किंवा सुर्लाचा एक टॉवर आठ दिवस मेला, तर त्याने जिल्हा बंद पडत नाही. म्हणजे ज्या गावाला पर्यायच नाही, त्या गावाचा नियमातही पत्ता नाही.

यातली मोठी गंमत पुढे आहे. केंद्राने आपत्ती निवारण निधीच्या मदतीसाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांचे जे निकष ठरवले, त्यात बारा आपत्ती आहेत. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, कीड, थंडीची लाटसुद्धा. वीज नाही. राज्याला हवे तर आपल्या निधीतल्या दहा टक्क्यांतून स्थानिक आपत्ती म्हणून मदत करावी, असे म्हटले आहे. म्हणजे शेतात नांगरताना वीज पडून माणूस गेला, तर त्याच्या बायकोसाठी ती वीज केंद्राच्या यादीतली आपत्ती नव्हती, आणि कंपनीचा राउटर जळला तर मात्र ती आपत्ती! एकाच ढगातली वीज, पडताना माणूस बघून आपली व्याख्या बदलते काय?

१६ मे २०२१ ला तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेले, ती खरी आपत्ती होती. हजारो झाडे पडली, दोन जीव गेले, कित्येक गावांत दिवसचे दिवस लायट नव्हती, आणि वर कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात. घरी ऑक्सिजनवर ठेवलेले रुग्ण आणि फोन मुके. १०८ हा नंबर प्रत्येक पोराला पाठ आहे, पण तो लावायचा कशावरून? त्या आठवड्यात आपण सर्वांनी शिकायला हवे होते की गोव्यात फोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, ती पाण्याच्या नळासारखी झाली आहे. आपण काय शिकलो? दर मेमध्ये तौक्तेचे नाव घेऊन उसासा टाकायला शिकलो.

सरकारलाही मी सोडणार नाही, त्याचा पगार खात असलो तरी. सगळे ऑनलाईन करा, याला माझा विरोध नाही. रांगा कमी झाल्या हे मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. पण ऑनलाईन करताना कागद बंद केला. पूर्वी अर्ज हाती घेऊन, शिक्का मारून, वहीत आवक क्रमांक टाकून माणसाला परत पाठवता यायचे. आता यंत्रणा बंद तर अर्जच नाही. वाळपईहून दोन बसेस बदलून आलेल्या म्हातारीला "सर्व्हर डावन आसा, फाल्यां यो" असे सांगताना जीभ जड होते. ती विचारते, "कित्याक रे पुता?" आणि मीही तेच सांगतो, काल गडगडले ना, त्यामुळे. ती मान हलवते. तिला ते पटते. तिचे हे पटणेच मला जास्त लागते. तिचा एका दिवसाचा रोज बुडाला, बसभाडे गेले, आणि दोष आभाळाचा! एक छापील अर्ज, एक आवक वही, नेट आल्यावर नोंद करायची सवलत. यासाठी कुठली निविदा काढावी लागते?

आणि आता आपण. होय, आपणही. २०२० साली शाळा मोबाईलवर आल्या तेव्हा सांगे-सत्तरीतली मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन, पावसात छत्र्या धरून बसली. त्याच वर्षी गावोगावच्या ग्रामसभांत टॉवर नको म्हणून ठराव होत होते. टॉवर कुठे असावा हे विचारण्याचा हक्क गावाला आहेच, तो सोडू नये. पण नको-नको म्हणून आपण गावाबाहेरच्या उघड्या सड्यावर, सर्वांत उंच जागी, जिथे वीज पहिली पडणार तिथे टॉवर ढकलतो, आणि मग तिथे डिझेल पोचते का, बॅटरी बदलली का, हे कोणी विचारत नाही. ग्रामसभेत टॉवरच्या किरणांवर दोन तास भांडण, अर्थिंगवर दोन मिनिटे नाहीत. किरणांविषयी व्हॉट्सॲपवर वाचलेले असते, अर्थिंगविषयी कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.

एका माणसाला मात्र या सगळ्यातून वगळतो. लाईनमन. भर पावसात खांबावर चढलेला, हातात फाटका मोजा, पायाखाली दुसऱ्याने धरलेली शिडी. कंपनीचा केबल जोडणारा मुलगाही तसाच, आणि तो बहुधा कंपनीचा नसतोच, कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचा असतो. लोक रागाने त्याच्यावरच तोंडसुख घेतात, कारण तोच एकटा समोर दिसतो. बॅटऱ्या न बदलण्याचा निर्णय ज्याने घेतला तो वातानुकूलित खोलीत आहे, आणि त्याचा फोन चालू आहे.

पुढच्या ग्रामसभेला मी तीन गोष्टी लेखी देणार आहे. टॉवर ज्या जागेत आहे त्याचा ना-हरकत दाखला पंचायतीचा असेल, तर दरवर्षी एप्रिलअखेर अर्थिंग मोजल्याचा कागद पंचायतीत आणून लावावा. बॅटरी किती तास चालते ते टॉवरच्या फाटकावर रंगवावे, जसे पुलावर भार रंगवतात. आणि केबल टाकणाऱ्याने फांद्या छाटण्याची जबाबदारी वीज खात्यावर ढकलू नये, आपली केबल जाते तिथली आपण छाटावी. सरपंच म्हणतील, हे आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणू देत, पण इतिवृत्तात लिहून घेऊन म्हणू देत.