अंतर तेच, वेळ मात्र वाढली

विज्ञानाने जग लहान केले, हे विधान इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. हेलसिंकी आणि टोकियो या दोन राजधान्यांमधील हवाई प्रवासाचा इतिहास मात्र त्यास सहजासहजी दुजोरा देत नाही. या शहरांमधील सरळ अंतर सुमारे 7,800 किलोमीटर आहे. 1983 साली फिनएअरने या मार्गावर विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत संघाचे आकाश तिला खुले नव्हते. साहजिकच उत्तर ध्रुवावरून वळसा घालावा लागे व प्रवासास सुमारे 13 तास लागत. पुढे सायबेरियावरून जाण्याची मुभा मिळाली आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियाने त्याची परतफेड केली, आणि मार्चमध्ये टोकियोचे विमान पुन्हा ध्रुवाच्या वाटेला लागले. पुन्हा सुमारे 13 तास! विमाने सुधारली, इंजिने सुधारली. प्रवासाचा काळ मात्र 1983 सालचाच झाला.

याचे मूळ 1944 च्या शिकागो करारात आहे. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता त्याने मान्य केली. भारतीय प्रवाशांनाही तिची झळ लागली आहे. 2019 मध्ये पाकिस्तानचे आकाश साडेचार महिन्यांहून अधिक काळ बहुतांशी बंद होते. 24 एप्रिल 2025 रोजी ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले आणि भारतानेही 30 एप्रिलला तसेच उत्तर दिले. दिल्लीहून युरोपकडे जाणारी भारतीय विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. त्या वळशाच्या इंधनाचा भार अखेरीस तिकिटावरच पडतो.

युद्धाच्या छायेत आकाश खुले ठेवावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. 17 जुलै 2014 रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले व 298 जणांचा बळी गेला. तेथील आकाश वेळीच पूर्णपणे बंद झाले असते, तर हा अनर्थ टळला असता. परंतु धोका टाळण्यासाठी घातलेली बंदी आणि प्रतिपक्षास धडा शिकविण्यासाठी घातलेली बंदी यांत भेद केलाच पाहिजे. पहिली हे शासनाचे कर्तव्य होय. दुसरीचा दंड मात्र भांडणाशी संबंध नसलेला प्रवासी भरतो.

सार्वभौमत्वास मर्यादा घालता येत नाही, असेही नाही. 1 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान पाडले. 269 माणसे प्राणास मुकली. पुढच्याच वर्षी शिकागो करारात दुरुस्ती संमत झाली आणि उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये, असे बंधन राष्ट्रांनी स्वीकारले. त्याच धर्तीवर, सुरक्षेखेरीज अन्य हेतूने घातलेली प्रत्येक बंदी, मग ती कोणाचीही असो, मुदतबंद असावी आणि वाढविताना तिची कारणे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे मांडावी लागावीत. एवढ्याने सारे आकाश मोकळे होणार नाही. तथापि वाट अडविणाऱ्यास निदान जाहीर जाब तरी द्यावा लागेल.