विचारतां, मग ऐका

विद्यार्थ्यांचें समाधान अंकांनीं मोजण्याची विद्या हल्लीं भलतीच बोकाळली आहे. ब्रिटनमध्यें २००५ सालीं राष्ट्रीय विद्यार्थी-पाहणी सुरू झाली. तिचे प्रश्न मुख्यत्वें शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारतात. म्हणजे उत्तर देणारा बाहेर पडल्यावर सुधारणा व्हावयाची! बैल गेला नि झोपा केला, तो हाच प्रकार. पुढें या पाहणीचा संबंध फी-वाढीशीं जोडला जाऊं लागला, तेव्हां २०१७ सालीं तेथील विद्यार्थी-संघटनेनें तिच्यावर बहिष्कार पुकारला. आपलाच अभिप्राय आपल्या खिशास कात्री लावणार, हें त्या मुलांनीं ओळखलें.

त्याच सालीं आमच्याकडे, महाविद्यालयांस श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’नें अशीच पाहणी आपल्या मूल्यांकनांत घातली व तिला गुण ठेवले. गुण आले कीं संस्थेचें लक्ष उत्तरांवरून उडून श्रेणीकडे लागतें. त्या २१ प्रश्नांपैकीं शेवटचा तेवढा विद्यार्थ्यास स्वतःच्या शब्दांत बोलूं देणारा. आमच्या मतें खरी पाहणी तेवढीच. बाकीच्यांची सरासरी निघते. पण मागच्या बाकावरील एखादा मुलगा रात्ररात्र झोपत नाहीं, हें सरासरींत दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, ‘आंकड्यांवांचून सुधारणा कशी करावी?’ आंकडे अवश्य घ्यावे. पण नाडी पाहून मुकाट्यानें निघून जाणाऱ्यास वैद्य कोण म्हणेल? ज्या वर्गास विचारलें त्याच वर्गापुढें, वर्ष सरण्यापूर्वीं, काय ऐकलें, काय बदललें आणि काय बदलणें आपल्या हातीं नाहीं, तें उघडपणें सांगावें. हें करावयाचें नसेल, तर विचारूंच नये.