पग घोरतोय आणि आपण हसतोय

एक पग सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगतोय. मान हळूहळू खाली जाते, झटक्यात वर येते, डोळे किलकिले होतात, पुन्हा मान खाली. वर कॅप्शन : ‘सोमवारचं पहिलं लेक्चर आणि मी’. हे किंवा असंच एखादं रील तुम्ही पाहिलंय, लाइक केलंय आणि बहुतेक ग्रुपवर टाकलंयसुद्धा.

हेच रील प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते हसतीलच असं नाही. चपट्या नाकाचा कुत्रा बसून झोपतो, हनुवटी उशीवर उंच टेकवून झोपतो किंवा तोंडात खेळणं धरून झोपतो, तेव्हा अनेकदा तो श्वासाची वाट उघडी ठेवायची धडपड करत असतो. आडवं पडलं की घशातला ढिला भाग वाटेत येतो, हवा अडते आणि तो दचकून जागा होतो. त्याला झोप येत असते, पण झोपता येत नसतं. आपण मात्र त्याला ‘स्लीपी बेबी’ म्हणून मोकळे होतो.

छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत सध्या नेमकं हेच होतंय. वन बीएचकेच्या घरात, शेअरिंगच्या फ्लॅटवर मोठा कुत्रा मावत नाही, म्हणून पग, शिह त्झू, पॉमेरेनियन, डॅशहंड, चिवावा यांना पसंती मिळते. त्यांच्या सवयी आपण आधी स्क्रीनवर पाहतो आणि मग घरी आणलेल्या पिल्लात शोधतो. घोरणं, थरथरणं, तीन पायांवर उड्या मारत पळणं, सगळं एकाच टोपलीत : ‘अरे, ही जात असंच करते.’

‘असंच करते’ म्हणजे काय?

या एका वाक्याचा अभ्यास झालेला आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२मध्ये मालकांना त्यांच्या कुत्र्यांच्या श्वासाबद्दल विचारलं. ज्या कुत्र्यांना चपट्या नाकामुळे होणारा श्वसनाचा आजार असल्याचं तपासणीत दिसलं, त्यांच्यापैकी ५८ टक्के कुत्र्यांचे मालक म्हणाले, आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही. घरघर त्यांना ऐकू येत नव्हती असं नाही. त्या जातीसाठी ती नॉर्मलच, असं त्यांनी धरलं होतं.

त्याच कॉलेजच्या २०२२च्या अभ्यासात ब्रिटनमधल्या पगची इतर कुत्र्यांशी तुलना केली गेली. वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता पगमध्ये जवळपास १.९ पट निघाली आणि या श्वसनाच्या आजाराची तर सुमारे ५४ पट. आरोग्याच्या दृष्टीनं पगला आता ‘सर्वसाधारण कुत्रा’ म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

म्हणजे ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मल’ हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतोय. वर्गातल्या निम्म्या मुलांना चष्मा असला, म्हणून फळ्यावरचं धूसर दिसणं नॉर्मल ठरत नाही. तसंच निम्मे पग घोरतात म्हणून घोरणं निरोगी ठरत नाही.

कोर्टापर्यंत गेलेली सवय

युरोपात हा विषय आता कायद्याच्या दारात पोहोचलाय. नेदरलँड्समध्ये २०१९पासून ब्रीडिंगसाठी नाकाच्या लांबीचा निकष कडक झाला. नाक डोक्याच्या लांबीच्या किमान एक तृतीयांश हवं, या दिशेनं सरकारनं पावलं टाकली. नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीचं तिथलं ब्रीडिंग प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचा निर्णय कायम ठेवला.

कॅव्हेलियर म्हणजे लांब कानांचा, मोठ्या डोळ्यांचा, मांडीवर बसणारा गोड कुत्रा. त्यातले काही कुत्रे चालता चालता थांबतात आणि मानेजवळ हवेतच खाजवतात, अंगाला पंजाही लागत नाही. बघायला गंमत वाटते. पण यामागे मज्जारज्जूचा वेदनादायक आजार असू शकतो. कवटी मेंदूच्या मानानं लहान पडते, द्रवाचा प्रवाह बिघडतो आणि मज्जारज्जूत पोकळ्या तयार होतात. सवय आणि लक्षण यांच्यातली रेष इतकी पुसट असू शकते.

आपल्याकडे २०१७चे कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत. ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नाक किती लांब असावं, असा डच पद्धतीचा निकष मात्र त्यात नाही. २००३च्या सुमाराला हचच्या जाहिरातीतला पग घराघरात पोहोचला आणि देशभर पगची मागणी वाढली. थंड देशांत ज्याला धाप लागते, तो आपल्या मे महिन्यात काय करत असेल, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही. आज तो आपल्याला विचारता येतो. निदान घरात आलेल्या कुत्र्यापुरता तरी.

मग ओळखायचं कसं?

प्रत्येक शिंकेला दवाखाना गाठायची गरज नाही. छोटे कुत्रे खरोखरच विचित्र वागतात आणि त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. संध्याकाळी अचानक घरभर सुसाट धावणं, झोपण्याआधी गोल गोल फिरणं, झोपेत पाय हलवणं, बारीक भुंकणं, हे सगळं चालतं. हाक मारल्यावर जाग आली आणि लगेच ओळख पटली तर ते स्वप्न होतं. अंग ताठ झालं, लाळ गळली, जागेवर लघवी झाली आणि नंतर बराच वेळ तो भांबावलेला राहिला, तर ती फिट असू शकते.

‘उलटी शिंक’ हा नव्या मालकांना हमखास घाबरवणारा प्रकार. कुत्रा मान पुढे ताणून उभा राहतो आणि नाकानं जोरजोरात हवा आत ओढतो, जणू गुदमरतोय. काही सेकंदांत किंवा मिनिटभरात थांबतं आणि साहेब शेपटी हलवत पुढच्या कामाला लागतात. अधूनमधून झालं तर चिंता नको. पण पॉम किंवा यॉर्कीचा खोकला बदकासारखा ‘हाँक हाँक’ येत असेल, विशेषतः उत्साहात किंवा पट्टा ओढल्यावर, तर श्वासनलिका चपटी होत असल्याची शंका घ्यायची. अशा कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी हार्नेस बांधायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

पॉम धावताना मध्येच मागचा एक पाय उचलतो, दोन उड्या मारतो आणि पुन्हा नीट धावतो. यालाही लोक त्याची ‘स्टाइल’ म्हणतात. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकून परत बसत असण्याची शक्यता त्यात मोठी असते. डॅशहंड सोफ्यावर उडी मारायला अचानक नकार देऊ लागला किंवा उचलताना कळवळला, तर तो हट्टीपणा धरू नका, त्याची पाठ दुखत असू शकते.

थरथरण्याचंही तसंच. चिवावा थंडीनं, भीतीनं, तुम्ही घरी आलात या आनंदानंही थरथरतो. पण चार तासांत काही न खाल्लेलं इवलंसं पिल्लू थरथरत असेल, लडखडत असेल, मलूल पडलं असेल, तर त्याच्या रक्तातली साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि निघायचं. ‘टीकप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिल्लांत हा धोका आणखी. टीकप ही मुळात वेगळी जातच नाही. ती फक्त विकायची साइज आहे.

थोडक्यात, ‘सगळे पग असं करतात का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी हे विचारा : हे नवीन आहे का? वाढतंय का? थांबल्यावर तो पूर्ववत होतो का? आणि यामुळे त्याचं खाणं, झोपणं, चालणं अडतंय का? एकाही उत्तरावर अडखळलात तर डॉक्टरांना फोन करा.

फोन हातात आहेच

ज्या फोनवर आपण रील काढतो, तोच इथे सगळ्यात कामाचा. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा हमखास शहाण्यासारखा उभा राहतो. खोकला गायब, लंगडणं गायब. म्हणून घरी तो प्रकार घडताना आवाजासह व्हिडिओ काढा आणि तारीख लिहून ठेवा. गाढ झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते तेही मोजा. साधारण ३०च्या आत असायला हवं. रोज त्याहून जास्त येत असेल तर विषय गंभीर आहे, विशेषतः म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत, कारण त्यांच्यात हृदयाच्या झडपेचा आजार बराच आढळतो.

खिशाचा प्रश्न खरा आहे. पॉकेटमनीत खासगी क्लिनिक झेपत नाही म्हणून ‘उद्या बघू’ होतं. पण मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. परळसह नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. पिल्लू आणण्याआधी यातलं जवळचं कुठलं, ते शोधून ठेवा.

लगेच निघा, जर...

● हिरड्या किंवा जीभ निळी, जांभळी किंवा पांढरी पडली (हिरड्या मुळातच काळ्या असतील तर जीभ बघा).

● उन्हात किंवा खेळून आल्यावर धाप थांबतच नाही, चालताना झोकांड्या जातात. आधी साध्या पाण्यानं भिजवा, पंखा लावा, मग निघा.

● डोळा अचानक मिटून घेतला, लाल झाला किंवा बाहेर आला. पग आणि शिह त्झूच्या डोळ्याला ‘उद्या’ नसतो.

● मागचे पाय ओढत चालतोय.

● फिट आली किंवा चक्कर येऊन पडला.

● पोट फुगलंय आणि ओकाऱ्या काढतोय, पण काही पडत नाही.

आणि एक : घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अंदाजानं देऊ नका. आपल्याला जी गोळी साधी वाटते, ती तीन किलोच्या जिवाला भारी पडते.

पुढच्या वेळी पेंगणाऱ्या पगचं रील आलं की एकदा आवाज वाढवून ऐका. तो श्वास कसा घेतोय? आणि मग तुमच्या पायाशी झोपलेल्याचा ऐका. त्याला कॅप्शन लिहिता येत नाही. त्याचं म्हणणं आपल्यालाच वाचावं लागतं.